आधी लिहा, मग बघा: मनाचा कल पकडायची माझी पद्धत

पंपाच्या फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या बेअरिंगच्या आतल्या कड्यावर एक फिकट राखाडी पट्टा उमटला होता. मी ते बोटात अडकवून फिरवलं, उजेडाकडे धरलं आणि भोवती उभ्या असलेल्या चौघांना म्हणाले, "बघा, मी म्हटलं होतं ना?" चौघांनीही माना डोलावल्या. नवं बेअरिंग बसवलं, पंप चालू केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच थरथर परत सुरू झाली.

यंत्रांचे बिघाड शोधणं हे माझं काम. बावीस वर्षं झाली. तो पंप पाणी फिरवणारा, मोठा, आणि त्याच्या पंधरा दिवस आधी दुसऱ्या एका पंपाचं बेअरिंग रात्रपाळीत जाम होऊन आमची सगळ्यांची झोप उडाली होती. त्यामुळे फोनवर 'थरथरतोय' हा शब्द ऐकला आणि माझं तिथेच ठरलं: बेअरिंग. पंपापाशी मी अजून पोचलेही नव्हते. पोचल्यावर ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, टाकीतलं पाणी खाली गेलं की आवाज वाढतो. आत खडे फिरल्यासारखा येतो." मी म्हटलं, जुनं बेअरिंग असंच वाजतं. लॉगबुकात सक्शनचा, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूचा, दाब आठवडाभर रोज थोडा थोडा उतरत गेल्याची नोंद होती. ते पान मी वाचलं होतं. वाचून डोक्यात राहिलं ते एवढंच की बेअरिंगचं तापमान दोन अंशांनी वाढलंय.

खरं कारण सक्शनच्या जाळीत साचलेला कचरा हे होतं. पंपाला ओढायला पुरेसं पाणी मिळत नव्हतं, आत दाब घसरून वाफेचे बुडबुडे होत होते आणि इंपेलरपाशी, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या आतल्या चाकापाशी, फुटत होते. खडे फिरल्यासारखा आवाज त्यांचाच. टाकीची पातळी उतरली की आवाज वाढणार, हे ओघानेच आलं. बेअरिंग खराब असतं तर त्याला टाकीतल्या पातळीशी काय देणंघेणं? आणि तो राखाडी पट्टा? तीन वर्षं चाललेल्या कुठल्याही धडधाकट बेअरिंगवर तो असतो. बॉल जिथून फिरतात तिथे उमटतोच. हे मला माहीत होतं. माहीत असूनही त्या दिवशी मला तो पुरावा वाटला.

या चुकीने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिलं नाही, कारण माहिती कमी पडली असं म्हणायची सोय नव्हती. सगळं समोर होतं आणि माझं मन प्रत्येक गोष्ट एकाच बाजूला वळवून घेत होतं. मग मी या विषयावर वाचायला लागले आणि एक वही घातली. पुढे लिहिलंय ती त्या वहीतून घडत गेलेली पद्धत आहे. ती यंत्रांपुरती नाही. माणसांबद्दलची मतं, नोकरीचे निर्णय, घरातले वाद, सगळीकडे मी ती वापरते.

एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. मनाचा कल मनातल्या मनात सुधारत नाही. 'आता मी अगदी मोकळ्या मनाने बघणार' असं ठरवणारं मन तेच असतं, कललेलं. आपल्याकडे म्हणतात, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. २००२ साली एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. लोकांना निरनिराळ्या पूर्वग्रहांची वर्णनं वाचायला दिली, तर लोक म्हणाले, हो, असं होतं खरं, पण इतरांचं जास्त, माझं कमी. म्हणजे पूर्वग्रहांची नावं पाठ करून फारसं साधत नाही. ती नावं आपण दुसऱ्यांना चिकटवत बसतो. आपल्या हातात असतो तो कामाचा क्रम. मत घट्ट होण्याआधी काही गोष्टी कागदावर आणायच्या, मग डोळे उघडून बघायचं.

पहिली ओळ एकट्याने लिहा

साधी वही घ्या. कुणाचं मत ऐकण्याआधी, अहवाल उघडण्याआधी, बैठकीत शिरण्याआधी एक ओळ लिहा: प्रश्न काय, माझा अंदाज काय, आणि तो बरोबर असण्याची शक्यता किती टक्के. तारीख आणि वेळ घाला. मी अजून एक गोष्ट लिहिते, 'झोप झाली' किंवा 'झोप नाही'. का, ते शेवटी सांगते.

ऐकण्याआधी लिहायचं याचं कारण असं, की कानावर पडलेला पहिला आकडा मनात खुंटी ठोकतो आणि आपण तिच्याभोवतीच फिरत राहतो. अमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. लोकांसमोर आकड्यांचं एक चाक फिरवलं. ते १० किंवा ६५ या दोनच आकड्यांवर थांबेल अशी गुपचूप व्यवस्था केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांमधल्या देशांपैकी किती टक्के देश आफ्रिकेतले? चाकाचा या प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. तरीही ज्यांच्यापुढे १० आला त्यांच्या उत्तरांचा मध्य २५ निघाला आणि ज्यांच्यापुढे ६५ आला त्यांचा ४५. फिरत्या चाकाने एवढा फरक पडत असेल, तर वरिष्ठांनी बैठकीच्या सुरुवातीलाच 'मला वाटतं दोन महिने लागतील' असं म्हटल्यावर किती पडत असेल? त्यामुळे आमच्या गटात आता प्रत्येकाने आधी चिठ्ठीवर आपला अंदाज लिहायचा, मग चिठ्ठ्या उघडायच्या, आणि बोलायला सुरुवात सगळ्यात नव्या माणसाने करायची. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी बोलतो. त्या पंपाच्या वेळी हे केलं असतं तर ऑपरेटरचं वाक्य माझ्या निकालाच्या आधी कागदावर आलं असतं.

टक्के लिहायला लोक कां कू करतात. 'बहुधा', 'शक्यता आहे', 'वाटतंय खरं' असे शब्द बरे वाटतात, कारण पुढे काहीही झालं तरी ते शब्द आपल्याला सोडवतात. आकडा सोडवत नाही. शिवाय आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर निघाले, त्याआधी बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारून ठेवलं होतं की दौऱ्यात अमुक घडेल याची शक्यता किती. नंतर त्याच लोकांना विचारलं, तेव्हा तुम्ही किती म्हणाला होतात? जे घडलं होतं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं लोकांना 'आठवलं'. 'मला आधीच वाटलं होतं' या वाक्यातली गफलत ती हीच. वही समोर असली की ते वाक्य तोंडातून निघत नाही.

वहीतला सगळ्यात कामाचा प्रश्न

या लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या. कुठलाही पुरावा हाती आला की स्वतःला विचारा: माझा अंदाज चुकीचा असता, तरीही हे दिसलं असतं का?

राखाडी पट्टा माझा अंदाज चुकीचा असतानाही दिसला असता. दिसलाच. म्हणजे पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. 'टाकी खाली गेली की आवाज वाढतो' हे मात्र बेअरिंगच्या बिघाडात दिसायला नको होतं. किंमत त्या वाक्याला होती, आणि मी ते बाजूला सारलं.

हाच प्रश्न माणसांना लावून बघा. मैत्रिणीने दोन दिवस निरोपाला उत्तर दिलं नाही, 'ती मला टाळतेय' असं मनात आलं. ती टाळत नसती, फक्त कामात बुडालेली असती, तरी हेच दिसलं असतं की नाही? असतंच. मग दोन दिवसांच्या शांततेतून काहीच कळलेलं नाही. मुलाखतीत उमेदवार ठामपणे बोलला. काम न येणारा माणूसही ठामपणे बोलू शकतो का? शकतो, आणि मी असे पाहिले आहेत. त्यामुळे मी आता मुलाखतीत बोलण्याला गुण देत नाही. एक खराब झालेला भाग टेबलावर ठेवते आणि सांगते, बघा आणि काय दिसतं ते सांगा. काम येत नसेल तर ते तिथे उघड होतं.

हा प्रश्न आपोआप सुचत नाही, कारण मनाला दुजोरा हवा असतो. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली प्रसिद्ध केलेला खेळ घरी करून बघा. समोरच्याला सांगा, माझ्या मनात तीन आकड्यांचा एक नियम आहे आणि २, ४, ६ त्या नियमात बसतात. तुम्ही तुमचे तीन तीन आकडे सांगा, ते बसतात की नाही ते मी सांगेन. खात्री झाली की नियम सांगा. बहुतेक जण ८, १०, १२ म्हणतात, मग २०, २२, २४ म्हणतात, प्रत्येक वेळी 'बसतं' ऐकतात आणि खुशीत जाहीर करतात, दोन दोनने वाढणारे आकडे. नियम असतो फक्त 'वाढत जाणारे आकडे'. वेसन यांच्या २९ जणांपैकी पहिल्याच घोषणेत बरोबर नियम सांगणारे सहाच निघाले. ६, ४, २ किंवा १, ७, ५० असं विचारलं असतं तर लगेच उलगडा झाला असता. पण ते विचारायचं म्हणजे 'नाही' ऐकायची तयारी हवी, किंवा 'नाही' येईल अशा ठिकाणी 'हो' ऐकायची.

म्हणून वहीत अंदाजाखाली दुसरी ओळ लिहा: काय दिसलं तर मी हा अंदाज सोडेन? ही ओळ तपासणीच्या आधी लिहायची. नंतर लिहिलेली चालत नाही, कारण तोवर मन पळवाट तयार करतं. ही ओळ लिहिताच येत नसेल, म्हणजे काहीही दिसलं तरी अंदाज सोडायचा नसेल, तर तपासणीचा खटाटोप कशाला करायचा? आधी थांबून हे मत आपल्याला इतकं का हवंय ते बघावं.

चार्ल्स डार्विनची एक सवय मी उचलली आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी गोष्ट दिसली किंवा सुचली की तो ती तिथल्या तिथे टिपून ठेवायचा, कारण अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात हे त्याने स्वतःबद्दल ओळखलं होतं. माझ्या वहीत उजव्या बाजूचा समास त्यासाठी मोकळा असतो. तिथे फक्त न जुळणाऱ्या गोष्टी.

चार घरं काढा

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि आपण कावळ्याला धरतो. हे टाळायला कागदावर चार घरं आखा. कावळा बसला, फांदी तुटली. कावळा बसला, तुटली नाही. कावळा बसला नाही, तुटली. बसलाही नाही, तुटलीही नाही. आपल्या आठवणीत फक्त पहिलं घर भरलेलं असतं. उरलेली तीन भरल्याशिवाय संबंध आहे की नाही ते कळत नाही.

हे किती महागात पडतं याचं उदाहरण आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने अभ्यासावं असं आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात जण गेले. रॉकेटचा सांधा घट्ट बंद ठेवणाऱ्या रबरी कड्याने, म्हणजे ओ-रिंगने, थंडीत नीट काम केलं नाही. थंडीचा प्रश्न आदल्या रात्री निघाला होता. काही इंजिनिअर उड्डाण करू नका म्हणत होते. पण तापमानाचा संबंध तपासताना पाहिली गेली ती फक्त ओ-रिंगला इजा झालेली उड्डाणं. अशी उड्डाणं उबदार दिवशीही होती आणि थंड दिवशीही, त्यामुळे चित्र धूसर दिसलं. इजा न झालेली उड्डाणं त्यात मिळवायला हवी होती. चौकशी आयोगाने नंतर ती मिळवली. ६६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १९ सेल्सियस, किंवा त्याहून जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी तिघांत इजा होती. ६३ अंश किंवा त्याखालच्या चार उड्डाणांपैकी चारही. माहिती आधीपासून होती. 'काही झालं नाही' ही नोंदही माहिती असते, हे त्या रात्री सुटलं.

मी हा भाग शिकवते तेव्हा माझा आवाज चढतो. त्या सात माणसांसाठी चढायलाच हवा.

रोजच्या जगण्यात चार घरं अशी: 'मी निघाले की नेमका तेव्हाच फोन येतो', 'अमुक माणूस पाळीवर असला की यंत्र बिघडतं'. दुसऱ्या वाक्यावरून माणसांच्या बदल्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. एकदा आम्ही खरोखर चार घरं भरली. तो माणूस सगळ्यात जास्त पाळ्या करत होता, इतकंच निघालं.

टक्क्यांऐवजी माणसं मोजा

एक आजार हजारात एकाला असतो. तपासणी निरोगी माणसालाही शंभरात पाच वेळा चुकून 'आहे' म्हणते, खरा रोगी मात्र ती सोडत नाही. तुमची तपासणी 'आहे' आली. तुम्हाला आजार असण्याची शक्यता किती? १९७८ साली हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात ६० विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांना असाच प्रश्न विचारला होता. सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं ९५ टक्के. बरोबर उत्तर ११ जणांनी दिलं.

टक्के बाजूला ठेवून हजार माणसं डोळ्यांसमोर आणा. त्यात रोगी एक, त्याला 'आहे' येणार. उरलेल्या ९९९ पैकी सुमारे ५० जणांना चुकून 'आहे' येणार. एकूण ५१ जणांच्या हातात 'आहे'चा कागद, त्यातला खरा रोगी एक. साधारण दोन टक्के. घाबरून कोसळण्याऐवजी दुसरी तपासणी करायची एवढाच त्या कागदाचा अर्थ. (लक्षणं दिसताहेत म्हणून तपासणी केली असेल तर हिशोब बदलतो, कारण मग तुम्ही त्या सरसकट हजारांतले राहत नाही.)

वहीत म्हणून मी तिसरी ओळ लिहिते: अशा शंभर प्रसंगांत सहसा काय असतं? आमच्या नोंदी काढून पाहिल्या तर असल्या आवाजाच्या तक्रारींत बेअरिंगपेक्षा तुंबलेली जाळी आणि पंपात शिरलेली हवा यांचीच प्रकरणं जास्त होती. पण मला आठवत होतं पंधरा दिवसांपूर्वीचं, रात्री झोप उडवलेलं एकच प्रकरण.

दोन छोट्या गोष्टी

'इतकं केलंय तर आता कशाला सोडायचं' हे वाक्य डोक्यात आलं की लिहा: हे काम आज पहिल्यांदाच, याच अवस्थेत, माझ्यापुढे आलं असतं तर मी हातात घेतलं असतं का? काम चालू ठेवा किंवा सोडा, आधी घातलेले कष्ट सारखेच गेलेले असतात. एक जुना कंप्रेसर मी या एका वाक्यापायी चार वर्षं दुरुस्त करत राहिले.

मोठं काम हाती घेण्याआधी गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची युक्ती करून बघा. सगळ्यांना सांगायचं: एक वर्ष उलटलंय, हे काम पार फसलंय, का फसलं ते पाच मिनिटं लिहा. 'काही धोका दिसतोय का?' असं विचारलं की खोलीत शांतता पसरते, कारण शंका काढणारा माणूस मोडता घालणारा ठरतो. काम फसलंय असं गृहीत धरलं की तोच माणूस भराभर लिहायला लागतो.

हे सगळं प्रत्येक गोष्टीला लावत बसू नका. धोक्याची घंटा वाजली की बाहेर पडायचं, वही काढायची नाही. रोजचे किरकोळ निर्णय सवयीवर सोडावेत. ज्याची चूक मागे घेता येत नाही, ज्यात दुसऱ्या माणसाचं नुकसान आहे, किंवा ज्याबद्दल तुम्हाला पाहताक्षणीच शंभर टक्के खात्री वाटली, अशा ठिकाणी तीन ओळी लिहा. पाच मिनिटंही लागत नाहीत.

आणि दर तीन महिन्यांनी वही उलटी वाचा. नव्वद टक्के लिहिलेले अंदाज एका जागी काढा आणि त्यातले किती खरे ठरले ते मोजा. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश चुकलेले निघाले. ते चुकलेले वेगळे लिहून काढले तर दोन खुणा पुन्हा पुन्हा दिसल्या. एक म्हणजे वेळेपुढे 'झोप नाही' असं लिहिलेलं. दुसरी म्हणजे महिन्याभरात तशाच बिघाडाने मला त्रास दिलेला. या दोन्हींपैकी एक जरी खूण असली तरी आता मी साठच्या वर आकडा लिहीत नाही, आणि ऑपरेटरला आधी बोलू देते. परवा त्याच पंपाचा पुन्हा फोन आला. मी वहीत 'जाळी, ६०' लिहिलं, खाली लिहिलं 'सक्शनचा दाब नेहमीसारखा असेल तर जाळी नाही', आणि मग विचारलं, "टाकीची पातळी किती आहे, आणि तुला काय वाटतं?" दाब नेहमीसारखा होता. तो म्हणाला, "कपलिंगचे बोल्ट बघू का, मॅडम?" मोटर आणि पंप जोडणाऱ्या त्या जोडाचे बोल्ट सैल झाले होते.